फुटक्या पाट्या

पुण्याच्या नवी पेठेत ‘निवारा’ नावाची एक जुनी वास्तू आहे. एखादे व्याख्यान, एखादे पुस्तक-प्रकाशन, नाही तर एखादे प्रदर्शन, या ना त्या निमित्ताने पुष्कळ पुणेकरांचे पाय तिला लागलेले असतात. माझेही लागले होते. परंतु सभागृहाकडे जाताना तिथे निवांत बसलेली म्हातारी माणसे दिसत, त्यांच्याकडे एक ओझरती नजर टाकायची आणि पुढे व्हायचे, हाच माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. हे घर मुळात त्यांचे आहे, आपण इथले पाहुणे आहोत, हे काही ध्यानात येत नसे. एके दिवशी वक्त्याला यायला उशीर होता. वेळ काढायचा म्हणून इकडेतिकडे पाहत होतो, तेव्हा संस्थेचे मूळ नाव वाचनात आले: डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह.

ससून म्हटले की पुणेकराला रुग्णालय आठवते, मुंबईकराला काळ्या घोड्याजवळचे ग्रंथालय किंवा कुलाब्याकडची गोदी आठवते. पण पंगुगृह? हा डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मलेला यहुदी. तिथल्या सुभेदाराचा जाच असह्य झाला तेव्हा त्याने देश सोडला आणि इराणच्या बुशहर बंदरामार्गे १८३०च्या दशकात तो मुंबईस येऊन स्थिरावला. व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला. त्या पैशात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८६४ साली तो पुण्यातच वारला. लष्कर भागात ज्याला आपण ‘लाल देऊळ’ म्हणतो, त्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या आवारात त्याची कबर आहे. परागंदा होऊन आलेल्या या माणसाच्या नावाने, कोणत्याही जातीच्या निराधार वृद्ध-अपंगांसाठी पुण्यात एक घर उभे राहिले. व्यापारी माणूस, मनात आणता तर निव्वळ घाट नि कमानी बांधून नाव कमावता! मग हे पंगुगृह कोठून आले? या प्रश्नाचा माग काढीत मी यहुदी समाजाच्या इतिहासात शिरलो आणि पुष्कळ दिवस तिथेच रमलो. काही काळ तर तिथे अडखळून बसलो, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आरंभ करायचा तो एका कथेपासून. ईश्वराने मोशेला दहा आज्ञा दगडी पाट्यांवर कोरून दिल्या. तो पर्वतावरून खाली उतरला, तो लोक सोन्याच्या वासराभोवती नाचताहेत! संतापाने त्याने त्या पाट्या आपटून फोडल्या. पुढे दुसऱ्या पाट्या मिळाल्या आणि त्या पवित्र कोशात ठेवल्या गेल्या. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण तालमूद या धर्मग्रंथातले पंडित एक पाऊल पुढे जाऊन विचारतात, त्या पहिल्या पाट्यांचे तुकडे कुठे गेले? आणि उत्तर देतात की तेही त्याच कोशात, अखंड पाट्यांच्या शेजारी होते. मग त्यावरून शिकवण काढतात ती अशी: वयामुळे ज्याची विद्या विसरून गेली आहे, अशा म्हाताऱ्याचाही मान राखा, कारण फुटक्या पाट्यांचे स्थानही कोशातच आहे.

ही कथा वाचली आणि मी थबकलो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची रीत आहे. पण पाया पडतो ते बहुधा त्यांच्या ज्ञानाच्या, अनुभवाच्या, आशीर्वादाच्या. ज्या आजोबांना आता नातवाचे नाव आठवत नाही, जे तीनतीनदा जेवण मागतात, त्यांचे काय? कथा सांगते की तुकडे निरुपयोगी झाले तरी ते फेकायचे नाहीत. आणि ठेवायचे तेही माळ्यावर किंवा अडगळीत नव्हे. घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू जिथे ठेवतो, तिथेच तेही ठेवायचे.

अर्थात, शिकवण उदात्त असली म्हणून आचरण तसे असतेच असे नाही. मध्ययुगात युरोपातल्या यहुदी वस्त्यांमधून ‘हेकदेश’ नावाची धर्मार्थ जागा असे. आजारी, निराधार, वाटसरू, वेडा, म्हातारा, सर्वांना एकच छप्पर. आणि त्या जागांची स्थिती अशी असे, की यिद्दिश भाषेत पुढे ‘हेकदेश’ हा शब्दच घाण नि पसारा या अर्थाने रूढ झाला. एखाद्या गृहिणीने मुलांच्या खोलीत डोकावून कपाळाला हात लावावा आणि म्हणावे, “काय हा हेकदेश मांडलाय!” दानाच्या जागेचे नाव शिवीसारखे वापरले जावे, यात त्या समाजाची स्वतःवरची टीकाही आहेच. वृद्धांची सोय म्हणजे नुसते छप्पर नव्हे, हा धडा त्यांना असा ठेचा खात मिळाला.

लंडनमध्ये हा धडा कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात यहुद्यांना पुन्हा राहू देण्यात आले ते १६५६ साली. पहिल्याने आले ते स्पेन-पोर्तुगालमधून हाकलल्या गेलेल्यांचे वंशज. त्यांनी १७४८ साली ‘बेथ होलिम’, म्हणजे रुग्णांचे घर, स्थापन केले. तिथे आजाऱ्यांबरोबर वृद्धांनाही आसरा असे. मध्य युरोपातून आलेल्या यहुद्यांचे गृह १८०७ साली माइल एंड या भागात उघडले, त्याचे हिब्रू नाव ‘नवे त्सेदेक’. मराठीत सांगायचे तर सदाचाराचा निवारा! गंमत म्हणजे या घरात वृद्ध आणि मुले एकत्र राहत: म्हातारी माणसे उरलेले आयुष्य काढीत आणि मुले सुतारकाम, चांभारकाम असे हुन्नर शिकत.

पण खरी कसोटी लागली ती पुढे. १८३४ सालच्या कायद्याने इंग्लंडातल्या गरिबांसाठी ‘वर्कहाउस’ ही व्यवस्था कडक झाली. तिथे जाणाऱ्याला पोटाला मिळे, परंतु नवरा-बायकोला वेगवेगळ्या भागांत ठेवीत, गणवेश देत, आणि ताटात पडेल ते खावे लागे. कोणाही गरिबाला त्या दाराची धास्ती वाटे. पण म्हाताऱ्या यहुद्यापुढे आणखी एक पेच होता. आपल्या धर्माप्रमाणे न मारलेले मांस तो खाऊ शकत नव्हता. दुधाची नि मांसाची भांडी वेगळी हवीत, शनिवारी काम करायचे नाही, असे त्याचे नियम. जन्मभर सोवळे पाळलेल्या आपल्या एखाद्या आजीला सत्तराव्या वर्षी भलत्याच्या हातचे, भलते अन्न पुढे करून ‘खा, नाही तर उपाशी रहा’ म्हणावे, तसाच हा प्रकार. पोट भरत होते, पण माणूस मोडत होता.

म्हणून १८७१ साली लंडनच्या पूर्व भागात यहुद्यांनी स्वतःचे छोटे वर्कहाउस काढले. त्यापूर्वीच १८४० साली ‘हँड-इन-हँड’ नावाचे वृद्धाश्रम आणि १८४३ साली विधवांसाठी एक गृह निघाले होते. या तिन्ही संस्था १८९४ साली एकत्र झाल्या आणि १९०७ साली नाइटिंगेल लेन नावाच्या रस्त्यावर लॉर्ड वाँड्सवर्थ यांनी दिलेल्या प्रशस्त घरात गेल्या. ते नाइटिंगेल हाउस आजही वृद्धांचेच घर आहे. दरम्यान रशियन साम्राज्यातल्या दंग्यांमुळे १८८१ नंतर लाखाच्या वर यहुदी इंग्लंडात आले होते. तरुण पुढे आले, म्हातारे मागोमाग आले. कुठे मुलगा अमेरिकेला गेला आणि आई लंडनलाच राहिली. कुटुंब जिथे असे तुटते तिथे वृद्धगृह उभे राहते, हे सूत्र मला या इतिहासात पदोपदी आढळले. मुले निर्दय झाली म्हणून नव्हे, तर बोट निघून गेली म्हणून.

आता मला वाचकांना ॲम्स्टरडॅमला न्यायचे आहे. १९११ साली तिथे ‘द योत्से इन्व्हालीदे’ या नावाची संस्था स्थापन झाली. नावाचा अर्थ सरळ: यहुदी पंगू. म्हणजे आपले पंगुगृहच! तिचा प्राण होता इझाक गान्स नावाचा गृहस्थ. म्हाताऱ्या-पांगळ्यांसाठी पैसा मागायचा तर रडगाणे गाऊन नव्हे, हसतखेळत मागायचा, हे त्याचे तंत्र. सोडती काढल्या, आकाशवाणीवर कार्यक्रम केले, आणि यहुदी नसलेल्या डच लोकांनीही संस्थेला आपले मानले. १९३७ साली वेस्परप्लाइन या चौकात संस्थेची नवी इमारत झाली. वास्तुशिल्पी स्टाल यांनी ती बांधली पोलाद आणि काचेने. लोक तिला ‘काचेचा राजवाडा’ म्हणू लागले. त्या काळी अनाथ-पंगूंना गावाबाहेर, उंच भिंतींआड ठेवण्याची सर्वत्र रीत. इथे भरचौकात, काचेच्या घरात, उन्हात त्यांना बसवले होते! फुटक्या पाट्या कोशात ठेवायच्या म्हणजे काय, याचे याहून देखणे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढल्याच वर्षी, १९३८ साली, गान्स वारला. एका अर्थी सुटला म्हणायचे. कारण १ मार्च १९४३ या दिवशी नाझींनी ते घर रिकामे केले. आंधळे, लुळे, अंथरुणाला खिळलेले, त्यांच्याबरोबर त्यांची सेवा करणारे, सर्वांना गाड्यांत घालून नेले. तिथून पुढचा रस्ता पोलंडमधल्या मृत्यूच्या छावण्यांकडे जात होता.

दिवाळीच्या अंकात हे लिहू की नको, असा मला विचार पडला. पण याहूनही एक भयंकर गोष्ट आहे आणि तिच्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

१९४२ च्या उन्हाळ्यात जर्मनी-ऑस्ट्रियातल्या वृद्ध यहुद्यांपुढे एक कागद ठेवला जाऊ लागला. तो होता घर-खरेदीचा करारनामा. तुमची शिल्लक, तुमचे रोखे, तुमची मालमत्ता आम्हाला द्या. त्याबदल्यात चेकोस्लोव्हाकियातल्या तेरेझिन या गावी तुम्हाला हयातभर राहणे, जेवण आणि औषधपाणी मिळेल. पासष्टीच्या पुढच्यांसाठी खास वसाहत! काहींना तर ते हवा-पाण्याचे, आरोग्याचे ठिकाण असल्याचे भासवण्यात आले. म्हाताऱ्यांनी थरथरत्या हाताने सह्या केल्या. कुणी ठेवणीतले कपडे बरोबर घेतले. गाडी थांबली ती एका जुन्या तटबंदीच्या गावात. पूर्वी जिथे सात-एक हजार माणसे राहत, तिथे त्या वर्षीच्या सप्टेंबरात ५० हजारांहून अधिक कोंबली होती. वृद्धांच्या वाट्याला बहुधा माळे आले: ना खाट, ना पाणी, ना जिन्यावरून उतरण्याचे बळ. तेरेझिनमध्ये एकंदर सुमारे १ लाख ४० हजार लोक आणले गेले. त्यांपैकी सुमारे ३३ हजार तिथेच उपासमारीने नि रोगाने मेले आणि सुमारे ८८ हजारांना पुढच्या छावण्यांत धाडण्यात आले. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड १९३८ साली व्हिएन्नाहून लंडनला निसटला होता. मागे राहिलेल्या त्याच्या चार वृद्ध बहिणींना तेरेझिनला नेले. एक तिथेच गेली, तिघींना पुढे मारण्यात आले.

खून अनेक राजवटींनी केले आहेत. पण खुनासाठी वृद्धाश्रमाचे आमिष दाखवावे, ‘तुमची काळजी घेऊ’ या तीन शब्दांना गळफास करावे, हे मी दुसरीकडे वाचलेले नाही. आणि ते आमिष लागू का पडले? कारण त्या समाजात असे घर खरोखरीचे असे, विश्वासाचे असे. दीडदोनशे वर्षे पै-पैसा जमवून मिळवलेला तो विश्वास नाझींनी एका कागदावर लुटला.

युद्ध संपले. लंडनमध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेले निर्वासित यहुदी आता म्हातारे होऊ लागले होते. त्यांच्या मागे कुणी नव्हते. ज्यांनी सांभाळायचे ती नाती धुरात गेली होती. अशांसाठी १९५०च्या दशकात उत्तर लंडनमध्ये काही घरे निघाली. पैसा कोणता? ज्या यहुदी कुटुंबांत वारसच उरला नव्हता, त्यांच्या लुबाडलेल्या मालमत्तेची जर्मनीकडून भरपाई मिळाली, त्यातला काही भाग या घरांसाठी आला. त्यांतल्या एका घराला नाव दिले लिओ बेक यांचे. हे बर्लिनचे धर्मगुरू. १९४३ साली त्यांना तेरेझिनला नेले आणि ते तिथून जिवंत परतले. दुसऱ्या घराला नाव दिले हाइनरिश श्टाल यांचे. ते बर्लिनच्या यहुदी समाजाचे प्रमुख होते आणि तेरेझिनमध्येच वारले. म्हणजे पहा, खोट्या वृद्धाश्रमात ज्यांना लोटले, त्यांची नावे खऱ्या वृद्धाश्रमांच्या दारावर लागली. मेलेल्यांच्या पैशाने जिवंतांची म्हातारपणे सरली. यापेक्षा अधिक चोख उत्तर त्या कागदाला कोणते देता आले असते?

या घरांत काम करणाऱ्यांना आणि पुढे जगभरच्या यहुदी वृद्धगृहांना काही गोष्टी अनुभवाने शिकाव्या लागल्या. छावणीतून वाचलेली एखादी आजी ऐंशीच्या घरात आली, स्मृती विरत चालली, की मधली पन्नास वर्षे पुसली जातात आणि छावणी मात्र लख्ख समोर उभी राहते. न्हाणीघरातल्या फवाऱ्याला ती घाबरते. जेवणासाठी रांग लावली की तिला कापरे भरते. उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवलेले सापडतात. शहाणी परिचारिका ते तुकडे रागावून फेकत नाही. फवाऱ्याऐवजी तांब्याने अंघोळ घालते, रांग लावीतच नाही, आणि शिळा पाव गुपचूप काढून ताजा ठेवते. टोरोंटो येथे १९१८ साली एक साधे यहुदी वृद्धगृह म्हणून सुरू झालेल्या बेक्रेस्ट या संस्थेने २००३ साली अशा वृद्धांच्या शुश्रूषेवर एक मार्गदर्शक ग्रंथच काढला. आणखी एक गोष्ट साऱ्यांच्या अनुभवास आली. उतारवयात नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा शेवटपर्यंत राहते. तेव्हा इंग्रजीत जन्म घालवलेला गृहस्थ अखेरीस यिद्दिशमध्ये पाणी मागतो. ते मागणे कळणारे कुणी जवळ असणे, हीच त्याची शुश्रूषा.

इथे मला आपल्या माणसांची आठवण होते. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, ते शतकानुशतके मराठीच बोलत आले. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले आणि दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावी वसले. त्या नव्या राष्ट्रात म्हाताऱ्या नि दुबळ्या निर्वासितांची सोय लावण्यासाठी १९४९ साली ‘मालबेन’ नावाची यंत्रणा उभारावी लागली होती. ब्रिटिश फौजेच्या ओसाड छावण्यांतून तिने वृद्धांची घरे वसवली. पण घरे किती बांधणार? शिवाय, धट्टाकट्टा म्हातारा असो की थकलेला, त्याला आपलीच खोली, आपलीच खिडकी हवी असते. म्हणून १९८६ साली इस्रायलने कायदा केला. ज्याला उठायला-न्हायला मदत लागते, अशा वृद्धाच्या घरी आठवड्याला ठरावीक तास मदतनीस पाठवण्याची जबाबदारी विमायोजनेने उचलली. तेव्हापासून फिलिपिन्स, नेपाळ, आपले केरळ, अशा दूरदूरच्या लेकी तिथल्या आज्यांना हात देऊ लागल्या. त्यानंतर १९८९च्या सुमारास ‘आधार देणारी वस्ती’ अशी एक योजना सुरू झाली. वृद्धाने आपल्याच घरी राहायचे, महिन्याला थोडी वर्गणी द्यायची. त्यात संकटकाळी दाबायची घंटा, डॉक्टर, करमणूक आणि एक ‘वस्तीचा बाप’! हा मनुष्य गळका नळ दुरुस्त करतो, दिवा बदलून देतो, आणि त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे दार वाजवून ‘कसे आहात?’ म्हणून विचारतो. आपल्या चाळीत हे काम कुणी न नेमता होत असे. चाळ गेली, तेव्हा ते नेमून करावे लागते, इतकेच.

त्या इस्रायलमध्ये गेलेल्या मराठी आज्यांनी हिब्रू बाजारापुरती शिकली. त्यांच्या माणसांनी तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, त्यामागचे कारण मला आता अधिक उमगते. भूमी पूर्वजांची मिळाली, तरी म्हातारपणी पाणी मागायचे ते मराठीत!

एवढा फेरफटका मारून मी काय शिकलो? वृद्धाश्रम चांगला की वाईट, असा वाद आपल्याकडे दर दिवाळीला, मुले परगावहून आली न आली यावरून, रंगतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटू लागला आहे. घरात राहूनही माणूस हेकदेशात असू शकतो आणि काचेच्या परक्या राजवाड्यातही आपल्या घरी असू शकतो. त्याच्या ताटात त्याचे अन्न आहे काय, त्याचा शनिवार किंवा त्याची एकादशी त्याची राहिली आहे काय, त्याची भाषा कळणारे कुणी आहे काय, आणि कागदावर सही घेणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारायचे. चकलीची भाजणी मळताना कोपऱ्यातल्या आजीला ‘मोहन पुरेसे झाले का हो?’ म्हणून विचारले, तर तिला उत्तर आठवेलच असे नाही. पण विचारणाऱ्याने तुकडा कोशात ठेवला.

परवा पुन्हा निवाऱ्यात व्याख्यान होते. मी मुद्दाम अर्धा तास आधी गेलो आणि सभागृहाकडे न वळता एका आजोबांच्या शेजारी बाकावर बसलो. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले आणि घरी आलेल्या माणसाला विचारावे तसे विचारले, “चहा घेणार ना?”

मी ‘हो’ म्हटले.